आमच्या घरचा आंदोलक

'आंदोलक' हा शब्द बारामती-इंदापूर भागात नुसता उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उसाची ट्रॉली उभी राहते. ट्रॉली रस्त्यात अडवलेली असते, तिच्या चाकातली हवा सोडलेली असते, आणि शेजारी दराची मागणी करणारी मंडळी घोषणा देत असतात. उसाचा नसला तर दुधाचा दर असतो. पण आंदोलक म्हटला की दर आलाच. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीने जेवताना सहज सांगितले की, "आतोबा, यंदा मी व्होल्टेजने ताब्यात राहणारा आंदोलक बनवणार आहे," तेव्हा माझ्या मुलाने भीत भीत विचारले, "म्हणजे पोलिसांसाठी का गं?"

या सदराच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. शब्दाचे शेपूट हाती लागले की ते सोडवत नाही. मी उठून कोश काढला. ऑसिलेटर या यंत्राला आपल्या परिभाषाकारांनी 'आंदोलक' म्हटले आहे आणि मराठी विश्वकोशातही तोच शब्द आहे. मूळ अर्थ पाहिला तर यंत्राचाच हक्क अधिक जुना वाटतो. संस्कृतात आंदोलन म्हणजे झुलणे, हेलकावणे. आपला हिंदोळा त्याचाच भाऊबंद. गवयांनी हा अर्थ अजून जपून ठेवला आहे. दरबारीचा गंधार आंदोलित असतो, आणि संगीताच्या पुस्तकांत स्वराच्या दर सेकंदाच्या कंपनांना आंदोलनसंख्या म्हणतात. सभा-मोर्चाचा अर्थ फार मागाहून आलेला पाहुणा आहे. तो आता घरधनी होऊन बसला आहे, ही गोष्ट वेगळी.

ही भाची म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या भावाची मुलगी. माहेर इंदापूर तालुक्यातले, घरी ऊस आणि डाळिंब. ती एमआयडीसीच्या अंगाला असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि चार वर्षे आमच्याकडेच राहते. घरात तिसरे माणूस म्हणजे माझी आई. वय बहात्तर. तिने तरुणपणी रीतसर गाणे शिकून घेतले होते. मैफली केल्या नाहीत, पण पहाटेचा रियाज कधी चुकला नाही. तिचा तंबोरा मिरजेचा. (मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आईने ती बातमी अशी वाचून दाखवली होती, की जणू आमच्याच घरी पारितोषिक आले आहे.)

दोन वर्षांपूर्वी हा तंबोरा गवसणीत गेला तो गेलाच. कारणे दोन. एक तर संधिवाताने बोटे धरली. खुंटी पिळवत नाही आणि मणी सरकवत नाही. दुसरे म्हणजे आवाज उतरला. काळी चारवर गाणाऱ्या आईला आता काळी दोन जड वाटू लागली. तंबोरा इतका खाली उतरवला की तारा ढिल्या पडतात आणि जवारी बोलत नाही. जाड तारा चढवा, असे मी सुचवले. आई म्हणाली, "आज काळी दोन, उद्या पांढरी दोन. दर महिन्याला तारा बदलत बसू का?" मोबाइलमधला तंबोरा आम्ही लावून दिला. चार दिवस ऐकला आणि बाजूला ठेवला. त्यातली बारीक बटणे थरथरत्या बोटाला सापडत नाहीत. स्वर एक चढवायला जावे तर दोन चढतात. "सकाळी उठल्यावर मी गळ्याला विचारते, आज कुठवर येतोस? त्याने सांगितले की तिथे सा ठेवायचा. मला एक मोठी खुंटी द्या, सावकाश फिरणारी. बाकी काही नको," असे तिचे म्हणणे.

भाचीने हे ऐकले आणि तिच्या प्रकल्पाला विषय मिळाला.

आता मंडल कसे चालते ते सांगतो. मराठीच्या प्राध्यापकाने हे सांगावे यात थोडा अधिक्षेप आहे खरा. परंतु मला ते समजले आहे, आणि एखाद्याला समजलेली गोष्ट सांगण्याचा मोह आमच्या धंद्यात आवरणे कठीण.

दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर. एवढाच संसार. उखळाशी दोन बाया समोरासमोर कांडताना ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना बाकीचे सोपे आहे. एकीचे मुसळ खाली जाते तेव्हा दुसरीचे वर. दोन्ही कधी एकदम खाली नाहीत. इथेही एक ट्रान्झिस्टर चालू झाला की तो दुसऱ्याला बंद पाडतो. मग काही वेळाने दुसरा जागा होतो आणि पहिल्याला झोपवतो. हा 'काही वेळ' ठरवतो कपॅसिटर. तो म्हणजे नळाखाली ठेवलेली घागर समजा. घागर भरली की पाळी बदलते. रेझिस्टर म्हणजे नळाची तोटी, आणि व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब. आपल्या परिभाषाकारांनी त्याला 'दाब'च म्हटले आहे, हे किती बरे केले! दाब वाढवला की घागरी भराभर भरतात, पाळ्या लवकर बदलतात, सेकंदाला आंदोलने वाढतात, आणि स्वर चढतो. दाब कमी केला की स्वर उतरतो. ही जोडी पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आब्राहाम आणि ब्लॉख या दोघांनी काचेच्या व्हॉल्व्हांवर बसवली. १९४७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि व्हॉल्व्हांची जागा पुढे त्याने घेतली.

भाची पुण्याला जाऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सामान घेऊन आली. बीसी ५४७ जातीचे ट्रान्झिस्टर. चहाच्या कपापेक्षा स्वस्त. पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मंडल मांडले. ९ व्होल्टची बॅटरी लावायला मी पुढे केली तर म्हणाली, "नको. बंद असलेल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर उलटा दाब येतो. ५४७ला तो ६ व्होल्टपर्यंतच सोसतो. ५ व्होल्टवरच चालवू." मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट दिले आणि लहानशा स्पीकरमधून एक लांबलचक 'पोंऽ' निघाला. आई आतल्या खोलीतून म्हणाली, "कोणत्या गिरणीचा भोंगा गं हा?"

भोंगा तर भोंगा; पण तो नियंत्रणात होता. दाब कमी केला, भोंगा उतरला. इथवर सगळे सुरळीत. खरी गंमत पुढे आहे. ५ व्होल्टला वाजणारा सा एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे आंदोलने निम्मी करायची. तर दाब निम्मा केला की झाले, असे कोणीही म्हणेल. तसे होत नाही. अडीच व्होल्टला स्वर पुरता सप्तकभर न उतरता मध्येच, कोमल गंधाराच्या आसपास, रेंगाळतो. खालचा सा मिळवायला दोन व्होल्टजवळ जावे लागते. घागर भरताना जसजशी पाण्याची पातळी वाढते तसतशी धार मंदावते, असा या नळाचा स्वभाव आहे, म्हणून हिशेब वाकडा.

एका तारेला हा वाकडेपणा चालला असता. तंबोऱ्याला तारा चार: पंचम, जोडीच्या दोन, आणि खर्ज. प्रत्येकीमागे एक आंदोलक. आणि आईला खुंटी हवी एकच. ती फिरवली की चारही तारा एकदम उतरल्या पाहिजेत, आणि उतरताना त्यांचे आपसातले नाते तिळभर बदलता कामा नये. सा २४० असेल तेव्हा मंद्र पंचम १८० हवा. सा २०० झाला की पंचम १५०. इथे बेरीज-वजाबाकी उपयोगाची नाही, गुणाकार हवा. चौघींच्या आंदोलनांतून सारखेच ४० वजा केले तर सा २०० आणि पंचम १४०, म्हणजे बेसूर.

मग बेरजेचा गुणाकार करणारे यंत्र आणायचे कुठून? ते ट्रान्झिस्टरच्या पोटातच आहे, हे मला फार नवलाचे वाटले. त्याच्या बेसवरचा दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवला की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. आणखी १८ वाढवला की चौपट, आणखी १८ वाढवला की आठपट. दाबाची बेरीज, प्रवाहाचा गुणाकार! आणि आपला कान तरी दुसरे काय करतो? २४०चे ४८० झाले की एक सप्तक, ४८०चे ९६० झाले की आणखी एक. कानाला दोन्ही पायऱ्या सारख्याच उंचीच्या. कानाचे आणि ट्रान्झिस्टरचे गणित एकाच शाळेतले. अमेरिकेत रॉबर्ट मूग याने १९६४ साली आपले वाद्य उभे केले ते याच गुणावर; एका व्होल्टला एक सप्तक, असे त्याने ठरवून टाकले आणि पुढे पुष्कळांनी ते माप उचलले. त्याचे एक वाद्य १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन पोचले होते. आपल्याकडचा पहिला इलेक्ट्रॉनिक तंबोरा मात्र बंगळूरच्या जी. राज नारायण यांचा, १९७९ सालचा.

या मापात खर्ज म्हणजे सा-पेक्षा बरोबर एक व्होल्ट कमी, आणि मंद्र पंचम ०.४१५ व्होल्ट कमी. एवढी वजाबाकी पक्की करून ठेवली की आईची खुंटी कुठेही नेली तरी नाती अभंग. भाचीने नळांच्या जागी मोजून धार देणारे नळ बसवले, म्हणजे दाब कितीही असो, ठरलेल्या प्रवाहाने घागर भरणार. आणि तो प्रवाह ठरवायला हा गुणाकारी ट्रान्झिस्टर.

इथे मला राहवत नाही म्हणून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांची आठवण काढतो. देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजले, बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक छापले. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाला नादी लावून श्रुतींची पेटीही घडवली. ती पेटी मैफलीत रुजली नाही. पेटीचा सूर म्हणजे पितळी पट्टी; ती एकदा घासून बसवली की बसली. साध्या पेटीचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, हे खटकत राहते. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले आणि ते कितीतरी वर्षे उघडले नाही. मूगच्या मापात या दोन गंधारांत अवघ्या ११ मिलिव्होल्टचे अंतर आहे. खुंटी केसभर फिरवली की एका गंधारावरून दुसऱ्यावर जाता येते; फिरवताना सावकाश गेले तर मींड मिळते. देवल आज असते तर सांगलीहून पहिली एसटी पकडून तपकीर गल्लीत उतरले असते, याविषयी मला शंका नाही.

परंतु ट्रान्झिस्टरला एक मोठे दुखणे आहे, आणि ते बारामतीला न मानवणारे आहे. त्याला ऊन सोसत नाही. एक अंश तापमान वाढले की जणू बेसवर २ मिलिव्होल्ट जास्त दिल्यासारखे होते. १८ मिलिव्होल्टला सप्तक, तेव्हा ९ अंशांना सप्तक! एप्रिलात आमच्याकडे पहाटे २२ आणि दुपारी ४०. पहाटे लावलेला सा दुपारी दोन सप्तके वर चढून ओरडू लागेल. पहिले तीन आठवडे भाचीचा तंबोरा असाच तापटपणा करीत होता. नुसते बोट लावले तरी 'कुंईऽ' करून वर जायचा. आई म्हणे, "हा गवई गुणी आहे, पण कान उपटायला गेले की चिडतो."

उपाय एमआयडीसीत सापडला. पियाजिओच्या तीनचाकी जिथून बाहेर पडतात त्या मोठ्या कारखान्यांच्या पलीकडे लहान गाळ्यांची ओळ आहे. तिथे एक गृहस्थ यंत्रांची बिघडलेली कंट्रोल कार्डे दुरुस्त करतात. जवळ जुना ऑसिलोस्कोप, आणि टेबलाचे खण ट्रान्झिस्टरांनी भरलेले. भाची त्यांना 'काका' म्हणते. त्यांचे पहिले वाक्य होते, "अगं पोरी, पंचवीस रुपयांची चिप लाव की. कोण करतंय आता सुटे ट्रान्झिस्टर?" दुसरे वाक्य होते, "बरं, दाखव." त्यांनी सांगितले की ट्रान्झिस्टर एकटा ठेवायचा नाही, त्याची जोडी जमवायची. एकाचा दाब उन्हाने सरकला तर दुसऱ्याचाही तेवढाच सरकतो. दोघांतला फरक तेवढा वापरायचा, म्हणजे ऊन ऊनात वजा.

जोडी जमवणे हे पत्रिका जुळवण्याहून कठीण निघाले. चाळीस ट्रान्झिस्टरांतून तेवढाच प्रवाह सोडून प्रत्येकाचा दाब मोजायचा आणि एकेका मिलिव्होल्टच्या आत जमणारे दोन-दोन वेगळे काढायचे. बोटांच्या उबेने माप बदलते, म्हणून हात लावायचा नाही; चिमट्याने बसवायचा, पंखा बंद करायचा, आणि निवेपर्यंत थांबायचे. मे महिन्यात, बारामतीत, पंखा बंद! आमच्या घरात त्या आठवड्यात जो अबोला होता त्याचे कारण वाचकांनी यावरून ओळखावे. जुळलेल्या जोड्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवल्या आणि वर तांब्याची तार गुंडाळली, म्हणजे एकाचे सुखदुःख दुसऱ्याला लगेच कळावे.

याच सुमारास मेहुण्यांचा फोन आला. "दाजी, पुण्यातल्या कोडिंगच्या क्लासची फी भरून महिना झाला. ती जाणार आहे का तंबोरेच करीत बसणार? कॅम्पसला कंपन्या येतील तेव्हा काय तंबोरा दाखवायचा?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दोन वर्षांत डाळिंबाने त्यांना रडवले होते आणि मुलीची नोकरी हा त्यांच्या लेखी छंदाचा विषय नव्हता. मी भाचीला विचारले. ती म्हणाली, "क्लास करतेय आतोबा, रात्री. पण चिप लावली तर ती का वाजते ते चिपवाल्याला माहीत, मला नाही. काकांकडे येणारी निम्मी कार्डं अशीच असतात; चिप बदलून चालू होत नाहीत, आणि बनवणारी कंपनी म्हणते नवीन घ्या." मेहुण्यांना मी यातले पहिले वाक्य तेवढे कळवले.

आम्ही पूर्वी विद्यार्थ्यांची सहल नारायणगावजवळ खोडदला नेली होती. तिथे गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तेव्हा मी फक्त आकार पाहून आलो. आता कळते की आकाशातून आलेला बारीक सूर खाली उतरवून घ्यायला तिथेही आंदोलक लागतात, आणि लांबलांबच्या तबकड्यांतले आंदोलक एकाच मूळ सुराला बांधून ठेवावे लागतात. सुटला एखादा, तर त्या तबकडीचे ऐकणे वाया. तंबोऱ्याला तंबोरा मिळवणे ते हेच, फक्त सभागृह जुन्नर तालुक्याएवढे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात चारही तारा लाकडी पेटीत बसल्या. वर एकच खुंटी, आवळ्याएवढी, दहा फेरे घेणारी. आईने हात लावला आणि डोळे मिटून सा शोधला. तो काळी दोनच्याही थोडा खाली, पांढरी दोनच्या वर, पेटीवर जिथे पट्टी नाही तिथे सापडला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाज पोकळ आहे. जवारी नाही. पण गंधार येतोय." हेही खरे निघाले. अशा चौकोनी लाटेत मूळ सुराबरोबर तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम स्वरच असतात. आणि पाचपट म्हणजे दोन सप्तके वरचा गंधार. भाचीने ऑसिलोस्कोपवर चौकोन पाहिले होते. गंधार तिने त्या दिवशी प्रथम ऐकला.

त्या दिवशी आई गायली. मोजून वीस मिनिटे.

एक खोट अजून राहिली आहे आणि ती आईनेच काढली. दुपारी अकरानंतर म्हणे खर्ज चढतो. भाचीने मीटर लावला तेव्हा त्यात दिसले की जोडीने ऊन वजा केले तरी सप्तकाचे माप स्वतःच दर अंशाला तीनशेव्या भागाएवढे आखडते. दहा अंश तापले की खर्ज सा-कडे सरकतो, जवळजवळ दोन प्रमाणश्रुतींनी. तेवढ्याच प्रमाणात उन्हाने वाढणारा एक खास रेझिस्टर लावला की हे मिटते. तो तपकीर गल्लीत मिळाला नाही. काकांनी कुठूनतरी मागवला आहे. तो येईपर्यंत पेटी आईच्या खोलीत खिडकीपासून दूर ठेवली आहे, आणि रियाज पहाटे साडेपाचलाच आटोपायचा, असे ठरले आहे. माझी झोप साडेपाचला मोडते. प्रकल्पाची परीक्षा डिसेंबरात आहे. परीक्षकांना पेटी दुपारी दाखवायची की सकाळी, यावर आजी-नातीची रोज चर्चा चालू असते.